टिलव्याचं घरटं कुठे?

आज नकाशावरच्या आडव्या रेषांची, म्हणजे अक्षांशांची गोष्ट.

विषुववृत्ताकडून ध्रुवाकडे जावं तशा जीवजाती कमी होत जातात, हे हम्बोल्टने एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीलाच लिहून ठेवलं. झाडं, बेडूक, फुलपाखरं, सगळे हा नियम पाळतात. चिखलात चोच खुपसून किडे शोधणारे टिलवे-तुतवार मात्र तो उलटा करतात. हिवाळ्यात मी ओडिशातल्या चिल्का सरोवरावर गेलो, तेव्हा होडीतून बघावं तिकडे तेच. नावाड्याला विचारलं, ‘‘यांची घरटी कुठे?’’ तो हसला. इथे कोणी पाहिलीच नव्हती.

युरोपातल्या पक्षीतज्ज्ञांनाही हाच प्रश्न छळत होता. 1875 साली हेन्री सीबोम आणि जॉन हार्वी-ब्राउन रशियातल्या पेचोरा नदीच्या मुखाकडे गेले आणि छोटा टिलवा व करडा चिखल्या यांची अंडी घेऊन परतले. कर्ल्यू सँडपायपरची अंडी मिळायला 1897 उजाडलं. ती सैबेरियात येनिसेई नदीच्या मुखाशी सापडली. (अंडी पळवण्याचा तो छंद आज ऐकवत नाही, पण माहिती त्यातूनच आली, हेही खरं.)

इतक्या लांब जायचं कशाला? तिथला उन्हाळा जेमतेम दोन महिन्यांचा, पण सूर्य मावळत नाही आणि किड्यांचा सुकाळ असतो. यांची पिल्लं अंड्यातून बाहेर पडताच स्वतः टिपून खातात. शिवाय घरटी लुटणारे कमी. कॅनडात दक्षिणोत्तर 29 अंशांच्या पट्ट्यात कृत्रिम घरटी मांडून पाहिली. 2010 साली निष्कर्ष आला, उत्तर टोकाला धोका 65 टक्क्यांनी कमी.

आपल्याकडे हा धागा जुळला तो एका तापामुळे. 1957 साली शिमोग्याजवळच्या क्यासनूर जंगलात माकडं मरू लागली, माणसंही दगावली. विषाणू रशियातल्या एका आजाराच्या विषाणूचा नातेवाईक निघाला, म्हणून संशय स्थलांतरित पक्ष्यांवर गेला. जागतिक आरोग्य संघटनेच्या मदतीने सालिम अलींनी पक्ष्यांच्या पायात कडी घालण्याचं काम मोठ्या प्रमाणावर सुरू केलं. आपल्याकडची कडी घातलेले पक्षी पुढे सोव्हिएत संघात सापडू लागले.

म्हणजे उत्तरेत विस्तीर्ण टुंड्रावर विखुरलेले हे पक्षी दक्षिणेत येऊन मोजक्या चिखलमैदानांवर दाटीवाटीने बसतात. त्यातलं एक मैदान भरावात गेलं, की हजारो मैलांवरची घरटी रिकामी राहतात. सीबोमने ज्याची अंडी आणली, तो करडा चिखल्या 2024 साली जागतिक लाल यादीत ‘असुरक्षित’ या वर्गात गेला. कर्ल्यू सँडपायपरही त्याच वर्षी, त्याच वर्गात.