डिस्क वापर अहवाल (युनिक्स)

डिस्क वापर अहवाल म्हणजे युनिक्स व तत्सम संचालन प्रणालींवर साठवणुकीची किती जागा वापरली गेली, किती शिल्लक आहे आणि ती कोणत्या डिरेक्टरींनी व्यापली आहे, याची नोंद होय. असा अहवाल बहुधा शेल स्क्रिप्टद्वारे, म्हणजे क्रमाने लिहून ठेवलेल्या आज्ञांच्या मजकूर फाइलद्वारे, तयार केला जातो. त्यासाठी मुख्यतः डीएफ आणि डीयू या दोन आज्ञा वापरतात. डिस्क पूर्ण भरल्यास डेटाबेसमध्ये नव्या नोंदी होत नाहीत, ईमेल स्वीकारले जात नाहीत आणि लिहिली जात असलेली फाइल अर्धवट राहू शकते. त्यामुळे सर्व्हरच्या देखभालीत या अहवालाला महत्त्व आहे.

इतिहास

केन थॉम्पसन आणि डेनिस रिची यांनी अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत युनिक्स विकसित केली. तिच्या १९७१ मधील पहिल्या आवृत्तीतच डीएफ आणि डीयू या दोन्ही आज्ञा होत्या. आल्फ्रेड एहो, पीटर वाइनबर्गर व ब्रायन कर्निहन यांनी १९७७ मध्ये तयार केलेली ऑक ही भाषा आणि १९७९ मधील सातव्या आवृत्तीसोबत आलेले स्टीफन बॉर्न यांचे शेल यांमुळे या आज्ञांच्या उत्तरातून हवे ते स्तंभ निवडून अहवाल बनवणे सोपे झाले. पुढे पॉझिक्स मानकात दोन्ही आज्ञांचा समावेश झाला. या मानकानुसार मोजणीचे मूळ एकक ५१२ बाइटांचे आहे. लिनक्सवरील ग्नू आवृत्ती मात्र सामान्यतः १०२४ बाइटांचे एकक वापरते. म्हणून अहवालात एकक नमूद करणे आवश्यक ठरते.

कार्यपद्धती

डीएफ ही आज्ञा फाइल प्रणालीने स्वतः ठेवलेला हिशेब वाचते. त्यामुळे तिचे उत्तर तत्काळ मिळते; परंतु जागा कोणी व्यापली, हे त्यातून कळत नाही. डीयू ही आज्ञा डिरेक्टरीत उतरून प्रत्येक फाइलने व्यापलेल्या जागेची बेरीज करते. समजा, नांदेड येथील स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाच्या कार्यक्षेत्राप्रमाणे नांदेड, लातूर, परभणी व हिंगोली अशा चार डिरेक्टरी केल्या, तर डीयूच्या साहाय्याने प्रत्येक जिल्ह्याच्या फाइलींनी व्यापलेली जागा स्वतंत्रपणे मिळते. फाइलींची संख्या लाखांत असल्यास या मोजणीला बराच वेळ लागतो.

डीयू व्यापलेले ब्लॉक मोजते, फाइलची लांबी नव्हे. ब्लॉक ४०९६ बाइटांचा असेल, तर सामान्यतः १०० बाइटांची फाइलही एक पूर्ण ब्लॉक अडवते. अशा १०,००० फाइलींतील मजकूर १० लाख बाइटांचा असतो. पण त्या ४ कोटी ९ लाख ६० हजार बाइट जागा घेतात.

स्क्रिप्टची रचना

अहवाल देणाऱ्या स्क्रिप्टमध्ये सर्वसाधारणपणे पुढील टप्पे असतात :

१. डीएफ पॉझिक्स स्वरूपात चालवणे, म्हणजे प्रत्येक फाइल प्रणालीची माहिती एकाच ओळीत येते.
२. ऑकच्या साहाय्याने शीर्षकाची ओळ वगळून वापराची टक्केवारी काढणे आणि ती ठरवलेल्या मर्यादेशी, उदा. ८० टक्क्यांशी, ताडून पाहणे.
३. मर्यादा ओलांडली असल्यास त्याच फाइल प्रणालीपुरते डीयू चालवणे, सॉर्टने उतरता क्रम लावणे व हेडने पहिल्या दहा ओळी घेणे.
४. दिनांक व यंत्राचे नाव जोडून अहवाल व्यवस्थापकास पाठवणे.

हे काम रोज ठरावीक वेळी क्रॉनकडून करवून घेता येते. आकडे मेगाबाइट-गिगाबाइट अशा संक्षिप्त रूपात असतील, तर साध्या अंकीय क्रमवारीत ९०० मेगाबाइट हे ९ गिगाबाइटच्या वर जातात. म्हणून क्रमवारी एकाच एककात लावावी लागते किंवा सॉर्टचा त्यासाठीचा खास पर्याय वापरावा लागतो.

आकड्यांतील तफावत

डीएफ आणि डीयू यांचे आकडे अनेकदा जुळत नाहीत. एखादी फाइल पुसली, तरी चालू असलेल्या प्रोग्रॅमने ती उघडी ठेवली असेल, तर तिची जागा मोकळी होत नाही. अशी फाइल डीयूला दिसत नाही. डीएफ मात्र ती जागा वापरलेली दाखवते. नोंदवही स्वरूपाच्या मोठ्या लॉग फाइली पुसूनही डिस्क भरलेलीच राहते, याचे हे नेहमीचे कारण आहे. एलएसओएफ या आज्ञेने ती फाइल धरून ठेवणारा प्रोग्रॅम शोधता येतो. तो बंद केला किंवा पुन्हा सुरू केला की जागा परत मिळते.

एक्स्ट-४ या फाइल प्रणालीत सामान्यतः ५ टक्के जागा मुख्य व्यवस्थापकासाठी राखीव असते. त्यामुळे काही ब्लॉक मोकळे असतानाही सामान्य वापरकर्त्याला डिस्क भरल्याचा संदेश येतो. प्रत्येक फाइलला एक आयनोड लागतो आणि एक्स्ट-४ मध्ये आयनोडांची संख्या फाइल प्रणाली तयार करतानाच ठरते. लहान फाइली असंख्य झाल्यास बाइट शिल्लक असूनही नवी फाइल बनत नाही. यासाठी अहवालात आयनोडांचा वापरही देणे हिताचे असते.

देवनागरी नावे

यूटीएफ-८ पद्धतीत देवनागरीचे प्रत्येक चिन्ह ३ बाइट घेते. काना, मात्रा व अनुस्वार ही स्वतंत्र चिन्हे धरली जातात. त्यानुसार ‘लातूर’ हे नाव १५ बाइटांचे, तर ‘नांदेड’ १८ बाइटांचे होते. लिनक्सवरील बहुतेक फाइल प्रणालींत नावाची मर्यादा २५५ बाइट असल्याने निव्वळ देवनागरी नाव ८५ चिन्हांपुरते मर्यादित राहते. स्तंभ जुळवताना काही साधने बाइट मोजतात, तर काही चिन्हे. दोन्ही प्रकारांत पडद्यावरील रुंदी वेगळी असल्याने मराठी नावांचे स्तंभ सरकतात. आकडा आधी व नाव शेवटी छापल्यास ही अडचण टळते. नावात मोकळी जागा असल्यास, उदा. ‘लातूर अहवाल’, ऑक त्याचे दोन स्तंभ समजते.

मर्यादा

सामान्य वापरकर्त्याने चालवलेली डीयू त्याला परवानगी नसलेल्या डिरेक्टरी वाचू शकत नाही. त्यामुळे तिची बेरीज कमी येते. अहवाल ज्या फाइल प्रणालीवर लिहिला जातो तीच भरली, तर अहवालही लिहिला जात नाही. म्हणून तो वेगळ्या फाइल प्रणालीवर अथवा दुसऱ्या यंत्रावर ठेवतात.