रात्र उलटलेला भात

सकाळी उठून स्वयंपाकघरात यावं आणि काल रात्रीचा भाताचा कुकर ओट्यावरच राहिलेला दिसावा, हे तुमच्याही घरी कधीतरी झालं असेल. परदेशातल्या मराठी घरात अशा वेळी लगेच दोन पंथ उभे राहतात. एक पंथ झाकण काढून वास घेतो, दोन शितं बोटांनी दाबून बघतो आणि फोडणीच्या भातासाठी कांदा चिरायला घेतो. दुसरा पंथ, म्हणजे बहुधा इथेच शाळेत गेलेली मुलं, फर्मान काढतो: दोन तासांच्या वर बाहेर राहिलंय, टाका. पहिल्या पंथाला दुसरा उधळा आणि भित्रा वाटतो, दुसऱ्याला पहिला अडाणी. दोघांच्याही नियमांना मोठा इतिहास आहे. तो माहीत असला तर निदान भांडण तरी मुद्द्यावर येतं.

आधी आपल्या बाजूचं बघू. 'आपल्याकडे शिळं खातातच' आणि 'आपल्या शास्त्रात शिळं वर्ज्यच' ही दोन्ही विधानं तुम्ही ऐकली असतील, आणि दोन्ही अर्धीच खरी आहेत. गीतेच्या १७व्या अध्यायात तामस माणसाला आवडणाऱ्या अन्नाची यादी आहे, त्यात 'पर्युषित' हा शब्द येतो. शंकराचार्य त्याचा अर्थ सरळ देतात: शिजवल्यावर मध्ये रात्र गेलेलं. त्याच यादीत 'यातयाम' असाही शब्द आहे. शब्दशः घेतलं तर ज्यावरून एक याम, म्हणजे एक प्रहर, म्हणजे तीन तास उलटून गेले ते. हे वाचून 'बघा, अमेरिकन सरकारच्या आधी आपल्याकडे तीन तासांचा नियम होता' असं लिहायचा मोह कुणालाही होईल. पण आचार्यांनी तिथे तो अर्थ घेतलेला नाही. त्यांच्या मते ते अर्धवट शिजलेलं अन्न. तेव्हा हा निरोप व्हॉट्सॅपवर पुढे पाठवण्याआधी जरा थांबा.

मला जास्त रस आहे तो मनुस्मृतीतल्या अपवादांत. पाचव्या अध्यायात शिळ्या अन्नाचा विषय निघतो आणि लगेच सवलत येते: तूप-तेल लागलेलं अन्न रात्र उलटली तरी चालेल, आणि जव-गव्हाचे व दुधाचे पदार्थ स्निग्ध नसले तरी चालतील. भाताला अशी वेगळी सवलत नाही. या नियमांमागे सोवळ्याचा विचार होता, जंतूंचा नव्हे, हे उघड आहे. तरीही या सवलतींचं आपल्या स्वयंपाकघरातल्या खरकट्याच्या विचाराशी नातं दिसतं. वरण-भात खरकटा, तळलेली पुरी तशी नाही, दुधात पीठ भिजवून केलेली दशमी प्रवासाला चालते. बारकाईने पाहिलं तर यातली बरीचशी विभागणी पाण्याची आहे. ज्यात पाणी भरपूर ते लवकर बाटतं, ज्यातलं पाणी तव्यावर किंवा कढईत उडून गेलं ते टिकतं. आजचा अन्नशास्त्रज्ञही हेच वेगळ्या भाषेत सांगतो, की जंतूंना वाढायला मोकळं पाणी लागतं आणि कोरड्या भाकरीत ते पुरेसं नसतं.

दुसरी युक्ती आंबटाची. सकाळी शेतावर जाताना शिळी भाकरी ताकात कुस्करून खाणं, ज्वारीची आंबील, ओडिशातला पखाळ, बंगालमधला पांताभात, सगळ्यांत आम्लाचा हात आहे. पांताभातात तर उरलेला भात रात्रभर मुद्दाम पाण्यात बुडवून ठेवतात आणि त्यात लॅक्टिक आम्ल तयार करणारे जंतू वाढतात. शीतला सप्तमीला चूल पेटवायची नाही, आदल्या दिवशीचंच खायचं, हा प्रकार श्रावणात आपल्याकडे आणि त्याहून मोठ्या प्रमाणावर गुजरातेत चालतो. ताटात काय असतं ते आठवून बघा: दहीभात, पुऱ्या, थेपले. म्हणजे आंबट, तळलेलं नाहीतर कोरडं. वर्षातून एकदा मुद्दाम शिळं खायच्या दिवशीसुद्धा त्यातल्या त्यात टिकाऊ तेवढंच पानात येतं. (देवी शीतला ज्या रोगाची, तो रोग भारतातून १९७५ साली गेला. व्रत राहिलं.)

तिसरी युक्ती उकळीची. ज्यांच्या आज्यांनी फ्रिजशिवाय संसार केला त्यांना आठवेल, दूध दोन्ही वेळा तापवलं जायचं आणि उरलेल्या आमटीला रात्री निजण्यापूर्वी व सकाळी उठल्यावर पुन्हा उकळी यायची. १८७७ साली लंडनमध्ये जॉन टिंडल या पदार्थवैज्ञानिकाने नेमकी हीच गोष्ट प्रयोगशाळेत करून दाखवली. गवताचा काढा कितीही उकळला तरी पुन्हा नासायचा, कारण काही जंतू बीजाणूंच्या रूपात दडी मारून बसतात आणि उकळत्या पाण्यातही मरत नाहीत. फर्डिनांड कोन यांनी हे बीजाणू आदल्याच वर्षी ओळखले होते. टिंडल यांनी काढा एकदाच खूप वेळ उकळण्याऐवजी थांबून थांबून थोडा थोडा उकळला. मधल्या वेळात बीजाणू उगवत आणि पुढच्या उकळीत सापडत. आपल्या आज्यांना टिंडल माहीत नव्हते, टिंडलना आमटी माहीत नव्हती.

आता नाकाकडे वळू. आंबूस वास, तार सुटणं, बुळबुळीतपणा, बुरशी: विटलेलं अन्न ओळखायच्या या खुणा खऱ्या आहेत आणि एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस युरोपातलं विज्ञानही त्यांच्यावरच विसंबून होतं. इटालियन रसायनज्ञ फ्रान्सेस्को सेल्मी यांनी कुजण्यातून तयार होणाऱ्या द्रव्यांना 'टोमेन' असं नाव दिलं, आणि पुढे कित्येक वर्षं अन्नातून झालेल्या प्रत्येक विषबाधेला वर्तमानपत्रं टोमेन विषबाधा म्हणत राहिली. कल्पना सोपी होती: कुजलेलं ते विषारी, न कुजलेलं ते निर्धोक. म्हणजे नाक हाच न्यायाधीश.

या न्यायाधीशाला पहिला मोठा धक्का १९१४ साली फिलिपिन्समध्ये बसला. एम. ए. बार्बर नावाचे अमेरिकन संशोधक तिथल्या एका घरात वारंवार होणाऱ्या उलट्या-जुलाबांचा शोध घेत होते. संशय गायीच्या दुधावर गेला. ताजं काढलेलं दूध प्यायलं तर काही होत नसे. तेच दूध त्या उष्ण हवेत काही तास राहिलं की आजार होई. बार्बर यांनी हे स्वतः पिऊन ताडून पाहिलं. कासेतला स्टॅफिलोकॉकस जंतू दुधात वाढून विष सोडत होता. या निष्कर्षाकडे फारसं कुणी लक्ष दिलं नाही, आणि १९३० साली शिकागोत गेल डॅक यांनी एका नाताळच्या केकवरून तो पुन्हा नव्याने सिद्ध केला. आजार होण्यासाठी पदार्थ नासावा लागत नाही, तो फक्त काही तास उबेत राहावा लागतो, ही नवी गोष्ट होती. 'बाहेर किती वेळ राहिलं' हा प्रश्न खरा तिथून सुरू होतो.

भाताच्या गुन्हेगाराचा पत्ता मात्र भात न खाणाऱ्या देशात लागला. १९४७ ते १९४९ या काळात ऑस्लोमध्ये विषबाधेच्या चार घटना झाल्या, मिळून सुमारे सहाशे माणसं आजारी पडली. सगळ्यांनी व्हॅनिला सॉस खाल्ला होता. सॉस दाट करायला मक्याचं पीठ घातलेलं, आदल्या दिवशी शिजवलेला आणि मोठ्या भांड्यांत तसाच बाहेर ठेवलेला. स्टाइनार हाउगे यांना त्यात बॅसिलस सेरियस हा जंतू सापडला. तोवर हा मातीतला निरुपद्रवी जंतू समजला जाई. हाउगे यांनी तो जंतू सॉसमध्ये घालून चोवीस तास वाढू दिला आणि त्यातला २०० मिलिलिटर सॉस स्वतः प्यायले. तेरा तासांनी पोटात कळा आणि जुलाब सुरू झाले. शास्त्रासाठी माणसं काय काय करतात! आपण सकाळचा भात खावा की नाही यावर वाद घालतो.

पुढचं प्रकरण ब्रिटनचं. १९७१ पासून तिथल्या चिनी उपाहारगृहांत फ्राइड राइस खाल्लेल्या लोकांना एक ते सहा तासांच्या आत जोरदार उलट्या झाल्याच्या घटना नोंदल्या जाऊ लागल्या. पुन्हा तोच बॅसिलस सेरियस, पण या वेळी जुलाबांऐवजी उलट्या आणि त्याही खूप लवकर. उपाहारगृहात भात एकदम मोठ्या प्रमाणावर उकडून ठेवत. तो फ्रिजमध्ये ठेवला तर शितं चिकटून गोळा होतो, म्हणून बाहेरच निथळत राही, कधी रात्रभर. गिऱ्हाईक आलं की अंड्याबरोबर दोन मिनिटं परतायचा. लंडनच्या कॉलिंडेल भागातल्या प्रयोगशाळेतल्या गिल्बर्ट आणि सहकाऱ्यांनी १९७४ साली याचा सविस्तर अभ्यास प्रसिद्ध केला. तांदळावरचे बीजाणू उकडण्यात मरत नाहीत. भात कोमट झाला की उगवतात, उबदार हवेत भराभर वाढतात आणि एक विष तयार करतात. ते विष १२१ अंशांवर दीड तास ठेवलं तरी टिकतं. तुमची फोडणी कितीही खमंग असली तरी तिचा तिथे इलाज नाही. आणि या भाताला वास असेलच असं नाही.

इथे एक सांगायला हवं. १९६८ साली अमेरिकेत एका वैद्यकीय नियतकालिकातल्या एका पत्रावरून चिनी जेवणाच्या नावाने एक 'सिंड्रोम' उभा राहिला आणि तो कलंक पुढे कित्येक वर्षं त्या लोकांना चिकटला. भाताच्या प्रकरणात चिनीपणाचा काडीचा संबंध नव्हता. भरपूर भात, मोठं भांडं आणि लांबलेली वेळ एवढंच कारण होतं. आपल्या गणेशोत्सवाच्या हॉलमध्ये सकाळी दहाला आलेले मसालेभाताचे ॲल्युमिनियमचे ट्रे दुपारी तीनपर्यंत टेबलावर असतात आणि उरलेलं डब्यांत भरून चार घरी जातं. कॉलिंडेलच्या लोकांना हे चित्र ओळखीचं वाटलं असतं.

'मग गरम करून खाल्लं की झालं' हे वाक्य किती खरं, ते पदार्थावर अवलंबून आहे. त्याच प्रयोगशाळेतल्या बेटी हॉब्ज यांनी १९५३ साली क्लॉस्ट्रिडियम वेल्शी या जंतूवर काम प्रसिद्ध केलं. हल्ली त्याला परफ्रिंजन्स म्हणतात. आदल्या दिवशी मोठ्या पातेल्यात शिजवलेलं आणि हळूहळू निवलेलं मटण, रस्सा ही त्याची आवडती जागा. अनुकूल उबेत तो दहा-बारा मिनिटांत दुप्पट होतो. पण त्याचं विष आपल्या आतड्यात तयार होतं, पातेल्यात नाही. म्हणून रस्सा खदखदून उकळला तर जंतू मरतात आणि आजार बहुतेक टळतो. आजीच्या उकळीचं गणित इथे बसतं. भाताला आणि दुधाच्या मिठाईला ते बसत नाही, कारण तिथे विष आधीच तयार होऊन बसलेलं असतं.

बहुतेकांना उलट्या होऊन दिवसभरात बरं वाटतं, हेही खरं. नेहमीच तसं होत नाही. २००८ साली बेल्जियममध्ये वीस वर्षांच्या एका विद्यार्थ्याने पाच दिवस स्वयंपाकघरात बाहेर राहिलेली स्पॅगेटी टोमॅटो सॉसबरोबर गरम करून खाल्ली आणि त्याच रात्री तो गेला. तपासणीत स्पॅगेटीत बॅसिलस सेरियस प्रचंड प्रमाणात होता, सॉसमध्ये मात्र सापडला नाही. टोमॅटो आंबट. ताकातल्या भाकरीची गोष्ट इथे अशी भेटावी असं कुणालाच वाटणार नाही.

आता अमेरिकेतला दोन तासांचा नियम. ४ ते ६० अंश सेल्सियस हा धोक्याचा पट्टा, त्यात शिजवलेलं अन्न दोन तासांहून जास्त ठेवू नये, आणि हवा ३२ अंशांच्या वर असेल तर एकच तास. दुबई-मस्कतमधल्या वाचकांनी बाहेरच्या सहलीसाठी हा एक तासच धरावा. ब्रिटनचा सल्ला भाताबाबत आणखी कडक आहे: शक्यतो तासाभरात निववून फ्रिजमध्ये, आणि तिथेही एक दिवसच. दोन तासांनी एका मिनिटात भात विषारी होत नाही. कुणाच्या घरी कुठला पदार्थ, केवढं पातेलं, घरात तान्हं मूल आहे की केमोथेरपी घेणारे आजोबा, हे सरकारला माहीत नसतं, म्हणून नियम सगळ्यांत नाजूक माणसाला धरून केलेला असतो. मला तो पटतो. कोरडी भाकरी, पोळी, तिखटमिठाच्या पुऱ्या यांना तो लावायचं मात्र काही कारण दिसत नाही. त्या खुशाल डब्यात राहू देत. भात, खिचडी, उकडलेले बटाटे, पास्ता, बासुंदी रात्रभर राहिली तर टाकावी. वरण आणि मटणाचा रस्सा, उकळीचा आधार असूनही, लहान मुलं, म्हातारी माणसं किंवा गरोदर बाई घरात असेल तर टाकावा. अन्नाला पूर्णब्रह्म मानणाऱ्या आईसमोर हे करणं सोपं नाही, ठाऊक आहे. तिच्याशी भांडताना एवढं सांगता येईल, की तिच्या घरी भात मोजून दोन वाट्या व्हायचा आणि उरलाच तर कामाला आलेल्या बाईच्या किंवा गाईच्या पुढे जायचा. रात्रभर राहायला तो उरायचाच कमी. इन्स्टंट पॉटमध्ये एकदम आठ वाट्या भात लावणारे आपण आहोत, आणि जाड भांड्यात, घट्ट झाकणाखाली, बावीस अंशांच्या घरात तो कित्येक तास कोमट राहतो.

एक जुना समज तेवढा सोडायला हवा: गरम अन्न फ्रिजमध्ये ठेवू नये. आइसबॉक्सच्या काळात ते बरोबर होतं, कारण बर्फ वितळायचा. आपल्याकडे गोदरेजचा फ्रिज १९५८ साली आला, आणि त्या दुबळ्या फ्रिजांच्या पिढीने हा नियम पुढे चालवला. आजच्या फ्रिजला त्याचं काही नाही. जेवण झालं की भात पसरट डब्यात दोन बोटांच्या थरात काढा, वाफ जाऊ द्या, झाकण लावून आत ठेवा. सकाळी त्याचाच फोडणीचा भात करा. गार भाताची शितं मोकळी होतात, तेव्हा तो अधिक चांगला होतो. वर शेंगदाणे आणि थोडं लिंबू.