म्हातारपणी भूक का मंदावते?

'आता वय झालं, दोन घास खाल्ले की पोट भरतं,' असे अनेक वृद्ध सांगतात आणि घरचेही ते मान्य करतात. वयानुसार भूक काहीशी कमी होते, हे खरे आहे. मात्र त्यामुळे वजन उतरत असेल, तर ते केवळ वयाचे लक्षण समजून सोडून देणे धोक्याचे ठरते.

भुकेचे नियंत्रण कसे होते?

भुकेचे नियंत्रण मेंदूतील हायपोथॅलॅमस हा भाग करतो. पोट रिकामे झाले की जठरातून घ्रेलिन हे संप्रेरक (हार्मोन) स्रवते आणि भूक लागते. अन्न आतड्यात पोहोचले की सीसीके, पीवायवाय आणि जीएलपी-१ ही संप्रेरके 'आता पुरे' असा संदेश देतात. शरीरात चरबीचा साठा किती आहे, हे चरबीच्या पेशींतून स्रवणारे लेप्टिन मेंदूला कळवते. लेप्टिनचा शोध १९९४ साली, तर घ्रेलिनचा १९९९ साली लागला.

वयानुसार काय बदलते?

साधारणपणे साठीपर्यंत वजन हळूहळू वाढते आणि सत्तरीनंतर घटू लागते. रजोनिवृत्तीनंतर इस्ट्रोजेन कमी झाल्याने स्त्रियांच्या पोटावर चरबी साठते. पुरुषांत टेस्टोस्टेरॉन घटते, स्नायू कमी होतात आणि लेप्टिन वाढते.

उतारवयात सीसीकेचे रक्तातील प्रमाण वाढते. जठर सावकाश रिकामे होते. त्यामुळे थोड्या जेवणानेही पोट भरल्यासारखे वाटते आणि ती भावना जास्त वेळ टिकते. चव आणि वास मंदावतात, दात पडलेले असतात. त्यामुळे खाण्याची इच्छा आणखी कमी होते.

वजन का भरून येत नाही?

अमेरिकेतील टफ्ट्स विद्यापीठात सुझन रॉबर्ट्स आणि सहकाऱ्यांनी १९९४ साली एक अभ्यास प्रसिद्ध केला. तरुण आणि वृद्ध पुरुषांना २१ दिवस कमी अन्न देण्यात आले, नंतर हवे तेवढे खाण्याची मुभा मिळाली. तरुणांनी आपोआप जास्त खाऊन घटलेले वजन भरून काढले. वृद्धांना मात्र ते जमले नाही. म्हणजे आजारपणात वृद्धांचे दोन-तीन किलो वजन उतरले, तर ते भरून काढण्यासाठी नुसत्या भुकेवर अवलंबून राहता येत नाही.

नवापूरसारख्या भागात

शरीरात मुळातच साठा कमी असेल, तर ही घट अधिक महागात पडते. २०१७-१८ मध्ये झालेल्या 'लासी' या राष्ट्रीय पाहणीत मुंबईच्या आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्थेचा प्रमुख सहभाग होता. तिच्यानुसार देशातील साठीपुढच्या सुमारे २७ टक्के लोकांचे वजन प्रमाणापेक्षा कमी होते.

नंदुरबार जिल्ह्यातील नवापूर हा गुजरातच्या सीमेवरील आदिवासीबहुल तालुका आहे. जिल्ह्यातील अनेक कुटुंबे हंगामात ऊसतोडीसाठी गुजरातेत जातात. अशा वेळी गावी राहिलेल्या वृद्धांना एकट्याने जेवावे लागते. माणूस एकटा असला की कमी खातो. त्यात भूकच लागत नसेल, तर एखादे जेवण सहज टळते.

काय करता येईल?

- भूक लागण्याची वाट न पाहता ठरलेल्या वेळी खावे. दोन मोठ्या जेवणांऐवजी चार-पाच वेळा थोडे थोडे घ्यावे.
- भाकरी पातळ डाळीत कुस्करून खावी. तूरडाळ तर नवापूरची ओळखच आहे. जोडीला अंडे, दूध, मासे किंवा शेंगदाण्याचा कूट घ्यावा. मूत्रपिंडाचा आजार असल्यास प्रथिनांचे प्रमाण डॉक्टरांना विचारावे.
- रोज चालावे, झेपेल तेवढे काम करावे. त्याने स्नायू टिकतात.
- दर महिन्याला आरोग्य उपकेंद्रात वजन करून लिहून ठेवावे.

डॉक्टरांकडे कधी जावे?

प्रयत्न न करता सहा महिने ते वर्षभरात वजन ५ टक्क्यांहून जास्त घटले, तर तपासणी आवश्यक आहे. ४५ किलोच्या व्यक्तीसाठी ही मर्यादा सुमारे सव्वादोन किलो आहे. घरात वजनकाटा नसेल, तर बांगड्या किंवा कपडे सैल होणे हीदेखील खूण समजावी. अशा घटीमागे क्षयरोग, मधुमेह, थायरॉइडचा विकार, कर्करोग, नैराश्य किंवा एखादे औषध असू शकते. यांपैकी बहुतेकांवर उपचार आहेत, पण ते वेळेवर सुरू व्हायला हवेत.