पाऊस आपला, पाणी कोणाचं? शहापूर-मुरबाडच्या चार महिन्यांचा इतिहास

मंडळी, मागच्या व्याख्यानात आपण घाटवाटांबद्दल बोललो. आज त्याच डोंगराच्या पायथ्याशी थांबू आणि हवामानाकडे इतिहासाचा दस्तऐवज म्हणून बघू. शहापूर आणि मुरबाड म्हटलं की शहरातल्या माणसाला आठवतो तो पाऊस. माळशेजचं धुकं, माहुलीच्या सुळक्यांवर टेकलेले ढग, रस्त्याकडेला गाडी थांबवून खाल्लेलं भाजलेलं कणीस. जुलै-ऑगस्टच्या शनिवार-रविवारी इतकी गर्दी होते की धबधब्यांवर जायला प्रशासनाला बंदी घालावी लागते. पण हेच गाव मे महिन्यात पाहिलं, तर विहिरीच्या तळाशी वाटीवाटीने पाणी भरणाऱ्या बायका दिसतात. एकाच जागेची ही दोन रूपं. असं का, हा आजचा प्रश्न.

आधी निसर्गाचं उत्तर घेऊ. अरबी समुद्रावरून येणारे नैर्ऋत्य वारे सह्याद्रीच्या भिंतीला अडतात, वर चढतात, थंड होतात आणि ओझं खाली टाकतात. या पट्ट्यात वर्षाला साधारण अडीच हजार मिलिमीटर पाऊस पडतो, म्हणजे मराठवाड्याच्या तिपटीहून जास्त. पण तो जवळजवळ सगळा जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. खाली काळा कातळ, वर मातीचा पातळ थर आणि उतार तीव्र. पाणी मुरायला सवडच मिळत नाही. भातसा, काळू, शाई या नद्या ते घेऊन उल्हास नदीकडे आणि पुढे खाडीला धावतात. म्हणजे इथे पाऊस कमी नाही, पाणी थांबत नाही. मग इतिहासाचा प्रश्न असा होतो: ते कोणी थांबवलं आणि कोणासाठी?

पहिला पुरावा दोन हजार वर्षांपूर्वीचा आहे. मुरबाड तालुक्यातल्या वैशाखरे गावावरून नाणेघाट चढता येतो. वरच्या लेण्यात सातवाहनांची राणी नागनिका हिचा प्रसिद्ध शिलालेख आहे. जुन्नर ते कल्याण, सोपारा असा माल या वाटेने उतरायचा. इजिप्तकडून येणारी जहाजं पावसाळी वाऱ्यावर स्वार होऊन पावसाळा सरता सरता आपल्या किनाऱ्याला लागत आणि हिवाळ्यातल्या ईशान्य वाऱ्यावर परत निघत. म्हणजे घाटातली खरी वर्दळ पाऊस उघडल्यानंतरची. आता गंमत बघा. एवढ्या पावसाच्या घाटात कातळ खोदून पाण्याची टाकी केलेली आहेत. जकातीचा म्हणून दाखवतात तो रांजण सगळे पाहतात, फोटो काढतात. टाक्यांकडे फारसं कोणी बघत नाही. पण आमच्या मते खरी साक्ष त्या टाक्यांची आहे. आठ कोरड्या महिन्यांची अडचण तेव्हाही होती, आणि ज्यांना वाट चालू ठेवायची होती त्यांनी तिची सोय केली होती.

दुसरा पुरावा शेतीचा. इथला शेतकरी जानेवारी-फेब्रुवारी म्हणत नाही, तो मृग, आर्द्रा, पुनर्वसू म्हणतो. मृगाआधी भाताच्या रोपांची जागा तयार हवी. त्यासाठी 'राब' भाजायचा: फांद्या, पालापाचोळा, शेण वाफ्यावर पसरून उन्हाळ्यात जाळायचं. तण मरतं, राख मिसळते, रोप जोमाने येतं. ही फांद्यांची तोड जंगलातून व्हायची. 1878च्या वन कायद्यानंतर जंगलांवर सरकारचे निर्बंध आवळले आणि राबासाठी फांदी तोडणं हा वादाचा विषय झाला. ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांतून तक्रारी इतक्या वाढल्या की 1885मध्ये सरकारला चौकशीसाठी आयोग नेमावा लागला. एका ऋतूची तयारी आणि एका खात्याचा नियम यांची ती टक्कर होती. नियम लिहिणाऱ्याला मृग नक्षत्राची घाई नसते, शेतकऱ्याला असते.

तिसरा टप्पा मुंबईचा. गिरण्या वाढल्या, माणसं वाढली. 1860चा विहार आणि 1879चा तुळशी तलाव पुरेना. तेव्हा शहराची नजर शहापूरच्या डोंगराकडे वळली आणि 1892मध्ये तानसाचं पाणी मुंबईला पोहोचलं. पुढे वैतरणेवर मोडकसागर झाला, मग भातसा. आज मुंबईला पाणी देणाऱ्या सात तलावांचा एकूण साठा सुमारे साडेचौदा लाख दशलक्ष लिटर. त्यातला जवळपास निम्मा एकट्या भातशाचा. मुरबाडच्या बाजूला बारवी धरण उभं राहिलं, तेही औद्योगिक वसाहतींसाठी आणि शहरांसाठी. म्हणजे नाणेघाटात टाकी खोदली त्यापेक्षा कितीतरी पटीने मोठी साठवण झाली. फरक एवढाच की नाणेघाटातलं टाकं त्याच वाटेवरच्या माणसाची तहान भागवत होतं.

'धरण उशाला, कोरड घशाला' ही म्हण तुम्ही ऐकली असेल. शहापुरात ती म्हण राहिलेली नाही, ती दरवर्षीची बातमी आहे. जलाशय खोल दरीत असतो, पाडा वर डोंगरावर. पाणी मुंबईकडे उताराने जातं. पाड्यावर चढवायचं तर पंप हवा, वीज हवी, नळ हवा आणि मुख्य म्हणजे तशी इच्छा हवी. ती नसेल तर टँकर. म्हणूनच शेजारच्या इगतपुरी तालुक्यातल्या भावली धरणातून, वरून खाली उताराने पाणी आणायची योजना आखावी लागली. ज्या तालुक्याने शहराला धरणं दिली, त्याला पाण्यासाठी दुसऱ्या तालुक्याकडे बघावं लागलं!

लोक गप्प बसले असंही नाही. मुरबाड तालुक्यात काळू नदीवर धरणाचं काम सुरू झालं, तेव्हा आदिवासी गावांनी विरोध केला. वनखात्याची रीतसर परवानगी नसताना काम चाललंय, हा मुद्दा उच्च न्यायालयात गेला आणि 2012मध्ये काम थांबलं. शहरांची तहान खोटी नाही. पण कोणाचं घर बुडवून ती भागवायची, हा प्रश्नही खोटा नाही.

आणि ज्यांचं घर बुडत नाही, त्यांचंही घर वर्षातून काही महिने बंदच असतं. भात झोडून झालं, दिवाळी गेली की कातकरी कुटुंबं वीटभट्टीवर निघतात. पौष पौर्णिमेला म्हसाची जत्रा भरते, गुरांचा बाजार फुलतो, तेव्हा कित्येक झोपड्यांना कडी लागलेली असते. माणसं परततात ती पावसाच्या तोंडावर. पर्यटकाचा हंगाम सुरू होतो तेव्हा इथल्या माणसाची लावणी सुरू होते. पर्यटक पाठ फिरवतो, त्यानंतर थोड्याच दिवसांत इथला माणूसही घर सोडतो.

तेव्हा मंडळी, आमचं म्हणणं एवढंच. हवामान म्हणजे नशीब नव्हे. पाऊस आभाळातून पडतो, पण टंचाई जमिनीवर ठरते: कोणी साठवायचं, कोणाला द्यायचं, कोणाच्या पंचांगाला मान द्यायचा, यावरून. पुढच्या श्रावणात माळशेजला जाल तेव्हा धबधबा जरूर बघा. पण खालच्या पाड्यावरच्या एखाद्या मावशींना विचारा, 'वैशाखात पाणी कुठून आणता?' त्या जे सांगतील, ते या इतिहासाचं पुढचं पान. आता प्रश्न घेऊ.