ची नो वादाची : कथनगती

ची नो वादाची (‘रक्ताची चाकोरी’) : शूझो ओशिमी (ज. १९८१) यांची मानसिक थरार या वर्गात गणली जाणारी जपानी मांगा-मालिका. शोगाकुकानच्या ‘बिग कॉमिक सुपीरियर’ या नियतकालिकात २०१७ ते २०२३ दरम्यान क्रमशः प्रसिद्ध. एकूण १७ खंड.

कथानक : शाळकरी सेइची, त्याची आई सेइको व वडील यांचे कुटुंब. डोंगरावरच्या सहलीत आई सेइचीच्या आतेभावाला, शिगेरूला, कड्यावरून ढकलते. पुढे शिगेरूचा, वडिलांचा व अखेर आईचाही मृत्यू.

कथनगती : मालिकेचे वैशिष्ट्य कथानकापेक्षा वेळेच्या वाटपात आहे. कड्यावरची घटना क्षणभराची. तिच्याआधी जवळजवळ पूर्ण पहिला खंड न्याहारी, शाळा, नातलगांची ये-जा यांत जातो. न्याहारीला कोणता पाव हवा, हा आईचा साधा प्रश्नही सावकाश येतो. घटनेनंतर गती आणखी मंदावते. पानभर केवळ आईचा चेहरा, पार्श्वभूमी कोरी, संवादाचे फुगे नाहीत. पुढच्या चौकटीत तोच चेहरा, फक्त ओठांची ठेवण बदललेली. मांगा उजवीकडून डावीकडे वाचली जाते. पान उलटताच समोर येणाऱ्या चेहऱ्यासाठी ओशिमी आधीची पाने मुद्दाम रिती ठेवतात. मुलगा जितका वेळ आईकडे पाहतो, तितका वेळ वाचकालाही पाहावे लागते. सेइची अडखळत बोलू लागल्यावर अक्षरेही तुटक होतात आणि एका वाक्याला अनेक चौकटी लागतात.

माहितीही अशीच उशिरा मिळते. आरंभी आलेल्या मेलेल्या मांजराच्या आठवणीचा उलगडा बऱ्याच खंडांनंतर होतो. उलट, सेइचीच्या आयुष्यातील सुमारे दोन दशके मालिका एका झेपेत ओलांडते आणि म्हाताऱ्या आईच्या शुश्रूषेपाशी पुन्हा रेंगाळते. मृत्यूंपेक्षा आई हयात असताना तिला गमावणे येथे अधिक पाने घेते. उत्तरार्धात रेषा विरळ व कच्च्या होत जातात.

मतभेद : उत्तरार्धाला थरारकथा म्हणावे की नाही, याबाबत एकमत नाही. काहींना हा संथपणा ताणलेला वाटतो. मात्र खंडरूपात सलग वाचताना पाने भराभर उलटतात, हेही खरे.

अन्य साहित्य : आकु नो हाना (२००९–१४).