आम्ही आणि आपण

पहाडगंजातील आमच्या बिऱ्हाडी परवा एक लहानसा प्रसंग घडला. आमच्या सात वर्षांच्या चिरंजीवांनी विचारले, "बाबा, रविवारी आम्ही कुतुबमिनार बघायला जाणार ना?" वडिलांना घरी ठेवण्याचा बेत मुळीच नव्हता; मुलाच्या मनात हिंदीतले 'हम' होते. तरी क्षणभर आम्हांस वगळल्यासारखे वाटलेच.

'हम'मध्ये ऐकणारा आहे की नाही, हे संदर्भाने ठरते. मराठी मात्र 'आम्ही' म्हणून त्यास बाहेर ठेवते आणि 'आपण' म्हणून आत घेते. संस्कृतात दोहोंसाठी 'वयम्' होते. प्राकृत 'अम्हे'पासून 'आम्ही' आले, 'आत्मन्'पासून 'आपण'. हिंदीतील 'आप'ही त्याच मुळाचे. ते समोरच्यास मान देते, पण आपल्यात घेत नाही. गुजरातीत 'अमे-आपणे', तेलुगूत 'मेमु-मनमु' अशा जोड्या आहेत. हा भेद द्राविड शेजारातून आला असावा, असे अनेक अभ्यासक मानतात. उलट, नायजेरियातील इग्बो भाषेत 'अन्यि' हे एकच रूप दोन्ही अर्थी चालते, आणि तो, ती, ते या तिघांसही एकच सर्वनाम पुरते. म्हणून ती भाषा दरिद्री ठरत नाही. प्रत्येक भाषा आपल्या सीमा आपल्या परीने आखते.

दिल्लीवरील मराठ्यांचा अंमल १८०३ साली संपला. दोनच वर्षांनी, १८०५ मध्ये, विल्यम कॅरीचे मराठी व्याकरण बंगालमधील श्रीरामपुरास छापले गेले. कॅरी कलकत्त्याच्या फोर्ट विल्यम कॉलेजात कंपनीच्या तरुण अधिकाऱ्यांस मराठी शिकवीत असे. पंडित वैजनाथ त्याच्या साह्यास होते. पुढे १८३६ साली दादोबा पांडुरंगांनी मराठी माणसासाठी मराठीतच व्याकरण लिहिले, आणि १९११ मध्ये मोरो केशव दामले यांचा 'शास्त्रीय मराठी व्याकरण' हा मोठा ग्रंथ आला.

मुलुखापासून दूर नेमलेल्या अधिकाऱ्यांस परकी भाषा शिकावी लागे, म्हणून कॅरीचे पुस्तक झाले. आम्हीही दूर नेमलेलेच. फरक इतकाच की आमच्या मुलांस आपलीच भाषा शिकावी लागते. कचेरीत दिवसभर 'हम' वापरून घरी येताना आम्हीच 'आपण' किती वेळा उच्चारतो, याचा हिशेब त्या दिवशी प्रथम केला, आणि दोष मुलाकडे राहिला नाही.

आम्ही त्यास नियम सांगितला नाही. "हो, आपण जाऊ," एवढेच म्हणालो. रविवारी निघताना तो आईला हाक मारून म्हणाला, "चल ना, आपण निघालो!"