प्रेमकथा कुठे घडते?

प्रेमकथा आवडीने वाचणाऱ्या बाईला तिच्या लाडक्या पुस्तकाविषयी विचारून बघा. कथानक ती चार वाक्यांत उरकेल. लेखकाचं नाव आठवायला कदाचित वेळ लागेल. पण ती दोघं पहिल्यांदा कुठे भेटली, हे मात्र ती न चुकता सांगेल. टेकडीवर, बागेत, बोटीवर, कॉलेजच्या जिन्यात. प्रेमकथेत जागा ही नुसती पार्श्वभूमी नसते. दोन माणसांना एकमेकांकडे निवांत बघता येईल अशी जागा समाजाने ठेवली आहे की नाही, हा खरा प्रश्न असतो. मराठी कादंबरीला या प्रश्नाने पहिल्यापासून छळलं आहे. आज मी त्याच छळाची गोष्ट सांगणार आहे.

सुरुवात 'कादंबरी' या शब्दापासूनच करू. हिंदी आणि बंगालीत कादंबरीला उपन्यास म्हणतात, गुजरातीत नवलकथा म्हणतात, उर्दूने सरळ नॉवेल हा शब्द घेतला. मराठीने आणि शेजारच्या कन्नडने मात्र एका नायिकेचं नाव उचललं. सातव्या शतकात, सम्राट हर्षाच्या दरबारी असलेल्या बाणभट्टाने संस्कृतात एक प्रेमकथा रचली. तिची नायिका कादंबरी. म्हणजे मराठीत तुम्ही युद्धाची कादंबरी लिहा, दुष्काळाची लिहा, नाव घ्यायचं ते एका प्रेमात पडलेल्या मुलीचंच.

बाणाची ही कथा घडते कुठे? राजपुत्र चंद्रापीड किन्नरांच्या एका जोडीमागे घोडा फेकत माणसांच्या वस्तीपासून फार दूर जातो. तिथे कैलासाच्या बाजूला अच्छोद नावाचं सरोवर आहे. त्याच्या काठी महाश्वेता तप करते आहे, आणि तिच्यामुळे त्याला कादंबरी भेटते. हे सगळं आपल्याला सांगतो एक पोपट. वैशंपायन नावाचा, सगळी शास्त्रं शिकलेला, राजा शूद्रकाच्या सभेत आणलेला. पुस्तकी पात्रांची आवड असलेल्या वाचकाने या पोपटाला पहिला मान द्यायला हरकत नाही. बाणाच्या हातून ग्रंथ पुरा झाला नाही, तो त्याच्या मुलाने पुरा केला. पण सरोवराची जागा पक्की झाली होती. प्रेम घरापासून लांब घडायचं.

हाच रिवाज मला लहानपणी दुसऱ्या दाराने भेटला. आमच्या घरात आजी गुलबकावलीचा किस्सा सांगायची. बापाची दृष्टी परत यावी म्हणून राजपुत्र ताजुल मुलूक फूल आणायला निघतो आणि बकावली परीच्या बागेत पोचतो. बाग, बागेत हौद, हौदात फूल. फारसीतून उर्दूत आणि उर्दूतून मराठीत आलेला हा किस्सा एकोणिसाव्या शतकात मराठी घरांतही आवडीने वाचला जात होता. हातिमताई होता. अरबी भाषेतल्या सुरस आणि चमत्कारिक गोष्टी कृष्णशास्त्री चिपळूणकरांनी मराठीत आणायला घेतल्या आणि पुढच्या माणसांनी ते काम तडीला नेलं. त्याही आधी, सोलापूरहून जवळच असलेल्या विजापुरात, नुसरती या कवीने १६५७मध्ये दखनी भाषेत 'गुलशन-ए-इश्क' लिहिलं. त्यात मनोहर आणि मधुमालती यांची गाठ पऱ्या घालून देतात. नावं बघा, मनोहर आणि मधुमालती. भाषा दखनी, दरबार आदिलशाही आणि प्रेमिक आपल्या शेजारघरातले. अच्छोद सरोवर आणि बकावलीची बाग यांच्यामध्ये भिंत आहे असं मला वाचक म्हणून कधी जाणवलं नाही. दोन्हीकडे माणसांना भेटवायला परी, पोपट किंवा गंधर्व लागतो. माणसं आपली आपण भेटू शकत नाहीत.

आता १८६८ साल. नारो सदाशिव रिसबूड यांची 'मंजुघोषा' प्रसिद्ध झाली. त्यात राजपुत्र आहे, विमान आहे, सगळी अद्भुताची आरास आहे. तिच्या सात वर्षं आधी लक्ष्मण मोरेश्वर हळबे यांची 'मुक्तामाला' येऊन गेली होती. अशा कादंबऱ्यांना अभ्यासकांनी 'अद्भुतरम्य' म्हणून एका बाजूला बसवलं. पण रिसबुडांनी प्रस्तावनेत दिलेलं कारण ऐकण्यासारखं आहे. त्यांच्या म्हणण्याचा आशय असा की, आपल्याकडच्या लग्नाच्या चालीरीतींमुळे लोकांच्या आयुष्यात मनोवेधक म्हणावं असं काही घडतच नाही. रोजचंच लिहिलं तर ते रंजक होणार नाही, म्हणून लेखकाला नवलाच्या गोष्टींकडे वळावं लागतं.

रिसबुडांची ही तक्रार साहित्याची असली तरी तिच्या आत सगळा समाज आहे. मुलगी आठ-नऊ वर्षांची असताना लग्न व्हायचं. घरात वीस-पंचवीस माणसं. नवऱ्याने चारचौघांत बायकोशी बोलणं म्हणजे बेशिस्त. अशा घरात दोघांनी एकमेकांच्या प्रेमात पडावं तरी केव्हा आणि कुठे? मराठीतली पहिली मानली जाणारी कादंबरी, बाबा पदमनजींची 'यमुनापर्यटन', १८५७ची. ती इथल्या घराघरांतून हिंडते, पण तिला तिथे दिसतात त्या विधवांच्या हालअपेष्टा. घर हे दुःखाचं ठिकाण आणि प्रेमाला मात्र विमान हवं, अशी ही वाटणी होती.

ही वाटणी पहिल्यांदा मोडली ती एका पाटीने. १८७३मध्ये न्यायमूर्ती रानड्यांचं लग्न अकरा वर्षांच्या रमाबाईंशी झालं. मुलीला लिहिता-वाचता येत नाही हे कळल्यावर त्यांनी तिला शिकवायला सुरुवात केली. घरातल्या बायकांना ते मुळीच रुचलं नाही. रमाबाईंनी या सगळ्या आठवणी लिहिल्या, त्या १९१०मध्ये प्रसिद्ध झाल्या. त्या पुस्तकाला कोणी प्रेमकथा म्हणत नाही. मी मात्र ते तसंही वाचतो. त्यातलं वयाचं अंतर डोळ्यांत सलतं, ते सलायलाच हवं. पण दिवसभर सगळ्यांचं असलेल्या घरात रात्री दिव्याच्या उजेडात एक जागा तयार होते, दोघांचीच. त्या जागेचं नाव धडा.

हरि नारायण आपट्यांनी हीच जागा कादंबरीत आणली. 'पण लक्ष्यांत कोण घेतो' १८९०पासून 'करमणूक' साप्ताहिकातून येऊ लागली आणि १८९३मध्ये पुस्तकरूपाने निघाली. त्याच दरम्यान, १८९१मध्ये, संमतिवयाचा कायदा झाला आणि दहा वर्षांची मर्यादा बारा झाली. त्यावरून केवढं वादळ उठलं होतं, ते आपण जाणतो. आपट्यांची यमू आपली कहाणी स्वतः सांगते. तिचा नवरा तिला लिहायला-वाचायला शिकवतो, मुंबईला बिऱ्हाड होतं, आणि काही काळ तरी त्या दोघांना एकमेकांशी बोलता येतं. मराठी कादंबरीतली ही माझी सगळ्यांत आवडती पुस्तकी नायिका. पुस्तकं वाचते म्हणून नव्हे. वाचता येऊ लागल्यावरच ती नवऱ्याची मैत्रीण होते म्हणून. पुढे नवरा जातो, तिचं केशवपन केलं जातं, आणि घर पुन्हा आपलं जुनं रूप दाखवतं. कादंबरीचं शीर्षक तेव्हा आपल्यालाच विचारतं.

काशीबाई कानिटकरांनी तर ही पाटी घरातल्यांचा रोष पत्करून, नेटाने मिळवली. पुढे त्यांनी आनंदीबाई जोशींचं चरित्र लिहिलं, 'रंगराव' ही कादंबरी लिहिली. वाचणारी बाई लिहिणारी झाली.

यानंतर ना. सी. फडके आले आणि प्रेमिकांना दार उघडून बाहेर नेलं. १९२५च्या त्यांच्या एका कादंबरीचं नावच 'कुलाब्याची दांडी' आहे. परीची बाग नाही, मुंबईतलं ठिकाण, ट्रामने जाता येईल असं. १९२९मध्ये 'दौलत' आली. त्याच वर्षी शारदा कायदा मंजूर झाला आणि मुलीच्या लग्नाचं किमान वय चौदा, मुलाचं अठरा ठरलं. कायद्यामुळे कादंबरी झाली किंवा कादंबरीमुळे कायदा झाला असं मी म्हणणार नाही. पण मुली कॉलेजात दिसू लागल्या होत्या, लग्न पुढे जाऊ लागलं होतं, आणि लग्नाआधीची दोन-चार वर्षं नावाची एक नवी जमीन मराठी माणसाला मिळाली होती. फडक्यांनी त्या जमिनीवर नीटनेटके बंगले बांधले. टापटीप, पाहुण्यांसमोर चहाचा ट्रे, पात्रं नेहमी इस्त्रीच्या कपड्यांत. त्यांना पुष्कळ हसून झालं आहे. पण रिसबुडांची अडचण ज्यांनी समजून घेतली आहे, त्यांना त्या चहाच्या ट्रेची किंमत कळेल. अनोळखी तरुणासमोर मुलगी खुर्चीवर बसून चहा घेते, हे तेव्हाच्या अनेक वाचकांसाठी विमानापेक्षा कमी नवल नव्हतं.

आणि त्या बंगल्याच्या मागच्या खोलीत काय चाललं होतं, ते १९३३मध्ये विभावरी शिरूरकर यांनी सांगितलं. 'कळ्यांचे निःश्वास'. शिकलेल्या, कमावत्या, लग्नाचं वय टळत चाललेल्या मुली. त्यांना बाहेर जाता येतं, पण मनातलं बोलायला जागा नाही. पुस्तकाने खळबळ उडाली. विभावरी शिरूरकर म्हणजे मालतीबाई बेडेकर, हे पुढे कळलं. म्हणजे नायिका फडक्यांच्या बंगल्यात मोकळी फिरत असताना खऱ्या लेखिकेला मात्र टोपणनावाच्या आड उभं राहावं लागलं. जागा मिळाली की प्रश्न सुटला, असं नसतं. ती कोणाच्या मालकीची आहे हेही बघावं लागतं.

माझ्या लहानपणी, आमच्या तालुक्याच्या गावात, प्रेमकथेचा मुक्काम असायचा भाड्याच्या वाचनालयात. एक लांबट दुकान, लोखंडी कपाटं, खाकी कागदाची कव्हरं, पाठीवर शाईने घातलेले नंबर. कुमुदिनी रांगणेकर, योगिनी जोगळेकर, शकुंतला गोगटे, कुसुम अभ्यंकर. पुस्तक न्यायला मुलं यायची, कारण आयांना दुकानात उभं राहणं बरं वाटायचं नाही. मीही आईसाठी पुस्तकं आणत असे. दुकानदार नंबर बघूनच सांगायचा, हे तुझ्या आईचं झालंय. ती पुस्तकं पिठाच्या डब्याशेजारी असायची, दुपारी दोन ते चार वाचली जायची आणि कोणी आलं की पदराखाली जायची. समीक्षकांनी त्यांची दखल क्वचितच घेतली. पण दुपारचे ते दोन तास हीसुद्धा एक जागा होती. रानड्यांच्या दिव्याची धाकटी बहीण म्हणा.

पुढे जागा बदलत गेल्या. १९८२च्या 'दुनियादारी'त सुहास शिरवळकरांनी पुण्याच्या एस. पी. कॉलेजचा कट्टा अजरामर केला. मिलिंद बोकिलांची 'शाळा' २००४मध्ये आली. तिचा काळ आणीबाणीचा, आणि प्रेमाची जागा म्हणजे शाळेचा वर्ग आणि शाळेत जायचा रस्ता. नववीतला मुकुंद शिरोडकर नावाच्या मुलीकडे बघतो, इतकंच जवळजवळ. विमान, परी, बंगला काही लागत नाही. रिसबुडांना जे रोजचं म्हणून नीरस वाटलं होतं, तेच रोजचं इथे पुरेसं झालं. त्यासाठी एकशे छत्तीस वर्षं लागली.

हे सगळं मी आनंदाने वाचलं, आणि वाचताना एक जागा शोधत राहिलो. मी मराठीत वाढलो, मराठीत बी.ए. झालो, मराठीत कविता लिहितो. पण जिथे आजी गुलबकावली सांगायची तो आमच्या मोहल्ल्यातला चौक, दारावरचा तो जाड पडदा, ईदच्या दुपारी शेवयांची वाटी घेऊन शेजारी जाणारी मुलगी, हे मला मराठी प्रेमकथेत फारसं भेटलं नाही. हमीद दलवाई यांनी १९६५मध्ये 'इंधन' लिहिली तेव्हा कोकणातलं मुसलमान घर मराठी कादंबरीत ठसठशीतपणे आलं. पण ती प्रेमकथा नव्हे, पेटत जाणाऱ्या गावाची कथा आहे. घर आलं ते आगीसकट आलं. 'यमुनापर्यटन'मध्ये घर जसं दुःखासकट आलं होतं, तसंच. आमच्यासारखीच वाट आणखी किती वस्त्या, वाड्या, पाडे बघत असतील, त्याचा हिशेब प्रत्येकाने आपल्या पुस्तकांच्या कपाटासमोर उभं राहून करावा.

मला निराश व्हावंसं वाटत नाही, कारण हा इतिहास आपल्याला क्रम दाखवतो. आधी दुःख लिहिलं जातं, मग पाटी येते, मग बोलणं, आणि साधं, रोजचं प्रेम सगळ्यांत शेवटी येतं. ते लिहिलं जाण्यासाठी आधी ते घडायला थोडी मोकळीक लागते. ही मोकळीक लेखक एकटा देऊ शकत नाही. ती घरांनी द्यायची असते, गल्ल्यांनी द्यायची असते, बागेतल्या बाकावर बसलेल्या दोघांकडे बघून न खाकरता पुढे जाणाऱ्या आपल्यासारख्यांनी द्यायची असते.

म्हणून तुमच्या घरात कोणी प्रेमकथा वाचत बसलं असेल, तर तिला हसू नका. कोणतं पुस्तक आहे म्हणून विचारा. आणि ती दोघं कुठे भेटतात, तेही विचारा.